बाहेरगावचे सैनिक

गांगुर्डे काकांना कुणी 'रोमन काका' म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि अगदी शांतपणे सांगत, "ते रोमन नव्हते. रोमनांच्या पगारावर होते." समोर दूधवाला असो की प्रेसमधला मोठा साहेब, वाक्य तेच. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने भाबडेपणाने विचारलं, रोमन काकांचं घर हेच का. त्याला काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ते रोमन कसे नव्हते हे इतकं सविस्तर सांगितलं की तो बिचारा मीटर न बघताच निघून गेला. त्या खेपेला आमच्या सगळ्या इमारतीला अंदाजाने बिल आलं.

आमची इमारत म्हणजे नाशिक रोडच्या कॉलनीतली, खाली चार बिऱ्हाडं आणि वर चार. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचे हे नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये होते, मी जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि काका प्रेसच्या भांडारात नोकरीला होते. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती तोवर आई होती, ती गेल्यावर ते तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात एकटेच राहत. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळी आणि फळीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. सगळ्या उपद्रवाचं मूळ ते पुस्तक होतं.

त्या पुस्तकात रोमच्या बादशाही फौजेतल्या एका पायदळाच्या तुकडीची हकीकत होती. थ्रेस नावाचा कुठलासा मुलूख रोमने जिंकला आणि मग तिथल्याच पोरांना भरती करून, भाले-ढाली देऊन, पार विलायतेच्या थंडीत पहाऱ्याला पाठवलं. खरी रोमन माणसं वेगळ्या फौजेत. त्यांना पगार जास्त, मान जास्त. हे आपले बाहेरचे, मदतीला घेतलेले. पंचवीस वर्षं इमानेइतबारे चाकरी केली की मग सरकार त्यांना रोमचे नागरिक म्हणवून घ्यायची मुभा देणार. एवढं सगळं मला पाठ आहे, कारण काकांनी ते मला जिन्यात, नळावर, रेशनच्या रांगेत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे मी तोंड उघडून बसले असताना सांगितलेलं आहे.

नुसतं सांगून भागलं असतं तर ठीक होतं. काका पुस्तकाबरहुकूम वागत. त्या सैनिकांच्या चपलांना खालून खिळे ठोकलेले असत, म्हणून काकांनी आपल्या चपलांना ठोकून घेतले. मोची म्हणाला, लोक माझ्याकडे खिळा काढायला येतात, हा बाबा ठोकायला आलाय. मग सकाळी पहिल्या पाळीला काका निघाले की फरशीवर असा आवाज व्हायचा की वरच्या मजल्यावरचे खैरनार गजर लावायचे बंद झाले. ते सैनिक पाण्यात शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून पीत. काकांनी देवळाली कॅम्पातून शिरका आणला आणि एका उन्हाळ्यात घरी येईल त्याला सरबत म्हणून तेच दिलं. खैरनार सटाण्याकडचे. त्यांनी एक घोट घेतला, ग्लासात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "काका, हाई काय शे?" त्यानंतर त्या इमारतीत काकांकडे कुणी तहान लागली म्हणून गेलं नाही.

मात्र त्या पुस्तकातली एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. त्या फौजेत आठ माणसांना मिळून एक तंबू असे. आठ जणांचं एक जातं, एक चूल. आमची बिऱ्हाडंही आठ. काकांनी हिशेब जुळवून टाकला आणि आम्हाला न विचारता आमचा तंबू केला. "तंबू म्हणजे आठ," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. कुणी पाळीवरून वेळेत परतलं नाही की काका फाटकाशी जाऊन उभे. कुणाच्या घरी आजारपण असलं की त्या घरचं रेशन काकांच्या पिशवीतून येणार. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा काकांनी न सांगता सकाळी भाकऱ्या आणून दिल्या, तंबूत एक माणूस वाढलंय म्हणाले. सासूबाईंना तंबू म्हणजे काय ते समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

पुढे काकांच्या निवृत्तीचं साल आलं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, हा नियम. काकांना गावाकडे चुलतभावाची एक खोली होती, तिथे जायचं ठरलं होतं. त्याविषयी ते बोलत नसत. बोलत ते फक्त सव्वीस जानेवारीविषयी.

आमच्या कॉलनीत त्या दिवशी मोठी मिरवणूक निघे. लेझीम, बँड, चित्ररथ, सगळा बाजार फिरून शाळेच्या मैदानात शेवट. दरवर्षी काका कमिटीकडे जात, आपली तुकडी मिरवणुकीत घ्या म्हणून विनवत, आणि कमिटी दरवर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणे. या वर्षी पुढचं वर्ष उरलं नव्हतं. ते कमिटीच्याही लक्षात आलं असावं. परवानगी मिळाली आणि काका आमच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, आठ चिलखतं लागतील."

चिलखत लोखंडी कड्यांचं हवं होतं. ते कुठून आणणार? शेवटी मीच तोड काढली. जाड सुतळी घेतली, मोठ्या सुयांवर स्वेटरसारखी विणली आणि वरून चंदेरी रंग मारला. लांबून बघितलं तर अगदी लोखंड. काकांनी जवळून बघितलं आणि म्हणाले की पुस्तकात कड्या याच्यापेक्षा बारीक आहेत. मी सुया त्यांच्या हातात दिल्या आणि म्हटलं, हे घ्या, तुम्हीच विणा. त्यानंतर चिलखताविषयी पुस्तकाने पुन्हा तोंड उघडलं नाही.

इमारतीतल्या बायका दुपारी माझ्याकडे जमून सुतळी विणू लागल्या. शिरस्त्राणांसाठी ॲल्युमिनियमची जुनी पातेली आली, गालांवरचे पत्रे तुपाच्या डब्यांतून कापले. ढालींचं लाकूड जगनने आणलं. हा जगन पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षांचा टेम्पो चालवायचा, खैरनारांचा दोस्त. मोडक्या खोक्यांच्या फळ्या त्याने टेम्पोभरून फुकट आणून टाकल्या. कमिटीतल्या एकाचं म्हणणं होतं की ढाली चौकोनी करा आणि टोपांना लाल तुरे लावा, सिनेमात तसं असतं. काका म्हणाले, चौकोनी ढाल रोमनांची. आमची लांबट गोल आणि सपाट. तुरा नाही.

खरी कटकट पायांची झाली. नाशिकची जानेवारीतली थंडी, आणि चित्रातले सैनिक गुडघ्याच्या वर झगा घालून उघड्या पायांनी उभे. आमच्या ह्यांनी सरळ सांगितलं की पायजमा असेल तर मी सैनिक, नाहीतर मी नागरिक. काका पुस्तक घेऊन बसले. दोन दिवसांनी चेहरा फुलवून आले आणि म्हणाले, या तुकड्यांतले लोक गुडघ्याखालपर्यंत तंग विजार घालत, पुरावा सापडला. रोमन घालत नसत, आपले घालत. त्या विजारीचा त्यांना इतका अभिमान वाटला की जणू त्यांनीच ती शिवली होती.

संध्याकाळी पाळी सुटली की मागच्या मैदानात कवायत सुरू व्हायची. दोन-दोनच्या चार ओळी. सात बिऱ्हाडांतले सात पुरुष आले, पण आठवा नव्हता. मी म्हटलं, काका, तुम्हाला धरून आठ होतात की. तर म्हणाले, मी पुढे चालणार. पुढे चालणारा तंबूत मोजत नाहीत. आठ पाहिजेत, नाहीतर मिरवणूक नाही. दुसऱ्या ओळीत आमच्या ह्यांच्या उजव्या हाताला एक जागा रिकामी राहिली.

मग आम्ही सगळे आठव्याच्या शोधात लागलो. सोपं काम होतं असं वाटलं होतं. प्रेसमधला एक शिपाई आणला, तर काका म्हणाले उंची कमी आहे. किराणावाल्याचा भाऊ आणला, तो उंच होता, तर म्हणाले चष्मा आहे, पुस्तकात चष्मा नाही. मी म्हटलं, मग ह्यांचा चष्मा कसा चालतो? म्हणाले, ते काढून ठेवतात. तेवढं खरं होतं. चष्मा काढल्यापासून आमचे हे रोज मैदानातल्या लिंबाला धडकत होते. तिसरा तंबाखू खायचा, चौथ्याचं पाऊल चुकायचं. खैरनारांचं पाऊल तर पहिल्या दिवसापासून चुकत होतं, त्याविषयी काका चकार शब्द काढत नव्हते.

इकडे कवायतीत दुसराच घोळ होता. चालताना रिकामी जागा माणसाला खटकते. आमचे हे नकळत उजवीकडे सरकत, मागचे पुढे येत आणि भोक बुजून जाई. काका थांबवत. "जागा सोडा," म्हणत. पुन्हा चालायचं, पुन्हा जागा बुजायची, पुन्हा "जागा सोडा". हे घरी येऊन वैतागत. म्हणत, माणूस नाही तिथे मी कशाला अंग चोरून चालू?

मिरवणूक अगदी तोंडावर आली तेव्हा जगन स्वतःच पुढे आला. दाढी होती, खांदे असे की चिलखत उसवेल, आणि रोज टेम्पो उभा करून कवायत बघून बघून पाऊल पाठ झालेलं. "काका, मी हाय ना," तो म्हणाला, "लय दिवस बघून राहिलो. उभा करा मला." आम्ही सगळे खूश झालो. काका त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. उंची बरोबर, चष्मा नाही, तंबाखू नाही. त्यांना कारण सापडेना. शेवटी नुसतं "बघू" म्हणाले आणि घरात निघून गेले. जगन बिचारा टेम्पोला टेकून उभा राहिला.

माझं डोकं फिरलं. आठ पाहिजेत म्हणून कमिटीशी भांडायचं, आमच्या बोटांची सालं काढायची आणि दारात आलेल्या आठव्याला परत पाठवायचं, हा काय प्रकार? दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी आठवं चिलखत घेतलं आणि तडक काकांच्या घरी गेले. ते पातेल्याला दोरी बांधत बसले होते. मी चिलखत त्यांच्यासमोर टाकलं आणि विचारलं, हे कुणाच्या मापाचं करायचं ते आज सांगा, नाहीतर मी उसवते.

काकांनी दोरीची गाठ पुरी केली. मग म्हणाले, "माझ्याच मापाचं करा. आई म्हणायची, मी त्यांच्याच बांध्याचा."

मला कळेना. कोण ते, म्हणून विचारलं. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा काका पुस्तकाबाहेरचं बोलले.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात गेले होते. हातात बंदूक नव्हती. फौजेच्या मागून खेचरं हाकायची, दारूगोळा आणि धान्य डोंगरावर चढवायचं, असलं काम. काका तेव्हा लहान. देवळालीहून गाडी सुटली तेव्हा आई त्यांना घेऊन स्टेशनावर गेली होती. एवढी गर्दी की वडील कुठल्या डब्यात चढले ते दिसलंच नाही, म्हणून गाडी पुढे सरकू लागली तशी आई येईल त्या डब्याला हात करत राहिली. पुढे कळलं की इटलीत बेपत्ता. मेले असं कुणी म्हणालं नाही, जिवंत आहेत असंही नाही. आईने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही.

"नोकरी लागल्यावर वाटलं, तो मुलूख कसा आहे ते तरी बघावं," काका म्हणाले. "कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे गेलो. साहेब लोकांची बदली झाली की पुस्तकं त्याच्याकडेच यायची. त्याला म्हटलं, इटलीतल्या लढाईचं काही असेल तर दे. त्याने हे दिलं. वर शिपायांचं चित्र होतं, मी घेऊन आलो. घरी येऊन डिक्शनरी घेऊन बसलो तर लढाई दोन हजार वर्षांपूर्वीची. आणि ही तुकडी इटलीत कधी गेलीच नव्हती."

मला हसू आलं. तेही हसले. मग मी विचारलं, परत का नाही केलं?

ते म्हणाले, "करणारच होतो. पण वाचत गेलो. तीही बाहेरचीच माणसं हो, दुसऱ्याच्या राज्यासाठी लांब गेलेली. ते काय जेवायचे, कुठे झोपायचे, पायांत काय घालायचे, सगळं कुणीतरी शोधून लिहून ठेवलंय. वडलांचं मला यातलं काहीच माहीत नाही. तंबूत कोण होतं त्यांच्याबरोबर, तेही नाही."

मग पातेल्याची दोरी ओढून बघत ते म्हणाले की ती जागा त्यांनी मुद्दामच ठेवली होती. माणसं आणू नका असं आम्हाला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून ते कारणं काढत बसले. आता जगनला काय कारण सांगू, असं त्यांनी मलाच विचारलं. साठीला आलेला माणूस, पण शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी आले होते भांडायला, हेच विसरून गेले. जगनला मी बघते, एवढं म्हणून मी चिलखत उचललं आणि घरी आले. मग जगनला निरोप धाडला की तुकडी यंदा सातच जणांची जाईल. कारण मी सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

ह्यांना मात्र जेवताना सांगितलं. मला वाटलं होतं हे काहीतरी टोमणा मारतील. त्यांनी भाजी मागून घेतली, जेवण संपवलं आणि हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सव्वीस जानेवारीला सकाळी अशी थंडी पडली की सुतळीचं चिलखत सगळ्यांना हवंहवंसं वाटलं. पुढे लेझीम, मग बँड, मग बैलगाडीवर भारतमाता झालेली आमच्या शाळेची मुलगी आणि तिच्यामागे काका. हातात काठी, डोक्यावर पातेलं, चपलांचे खिळे रस्त्यावर वाजताहेत. मागे सात जण आणि एक जागा. आठवं चिलखत मी काकांच्या मापाचं पुरं करून सकाळीच त्यांना दिलं होतं. ते त्यांनी घडी करून खांद्यावर घेतलं होतं. बायका आम्ही बाजारातल्या चौकात उभ्या होतो, कारण तिथे लाऊडस्पीकर होता आणि तिथे तुकड्या जरा थांबत.

लाऊडस्पीकरवरच्या माणसाने ढाली-भाले बघितले आणि जोरात सांगून टाकलं की आता येत आहेत शिवरायांचे मावळे. झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जयजयकार केला, कुणी फुलं टाकली. खैरनारांनी तर मावळ्यासारखा भालाही उंच केला. काकांनी तुकडी थांबवली आणि ते व्यासपीठाकडे चालू लागले. मला पुढचं सगळं दिसत होतं. ते त्या माणसाला म्हणाले, हे मावळे नाहीत. त्याने कागद बघितला, मग चूक दुरुस्त करून सांगितलं की हे रोमन सैनिक. काका म्हणाले, रोमनही नाहीत. त्या माणसाच्या मागे अजून तीन चित्ररथ खोळंबले होते. त्याने विचारलं, मग आहेत तरी कोण? काका सांगायला लागले. थ्रेस आलं, विलायत आली, पंचवीस वर्षं आली. तो माणूस घामाघूम झाला आणि शेवटी माईकवर म्हणाला, "आता आपल्यासमोर आहेत बाहेरगावचे सैनिक."

चौकात हशा पिकला. काकांनी मात्र क्षणभर विचार केला, मान हलवली आणि समाधानाने जागेवर परत आले. त्यांना ते पटलं होतं.

एवढ्यात गर्दीतून जगन पुढे आला. निरोपाने तो नाराज झाला होता, पण ऐन चौकात, सगळ्या गावासमोर तुकडीत भोक दिसतंय आणि लोक हसताहेत, हे त्या सरळ माणसाला बघवलं नाही. त्याने कुणाचीशी पडलेली काठी उचलली आणि लांब पावलं टाकत तो दुसऱ्या ओळीकडे निघाला. मी हाक मारली, पण बँडपुढे माझा आवाज कुठे पोहोचणार? काकांची पाठ होती. जगन त्या जागेत पाय ठेवणार, तोच आमच्या ह्यांनी डावीकडून हात आडवा केला. ह्यांना चष्म्याशिवाय चार हातांवरचं दिसत नाही, पण शेजारचं दिसलं.

"जगनभाऊ," हे मोठ्याने म्हणाले, "तिथे माणूस आहे."

जगनने जागेकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. त्याला काय समजलं ते मला ठाऊक नाही. पण देवळात चुकून चप्पल घालून शिरल्यासारखा तो दोन पावलं मागे झाला आणि त्याने काठी खाली ठेवली.

काकांनी ते ऐकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, नुसती काठी वर करून चालायची खूण केली. पण निघताना त्यांचंच पाऊल चुकलं. उजवं टाकायचं तिथे डावं पडलं, मग पुन्हा चुकलं, आणि ते भर चौकात तसेच उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मीही रडत होते, आणि शेजारच्या बायका काय झालं म्हणून मला विचारत होत्या. मागच्या सातांनी जागच्या जागी पाय आपटत ठेका धरला, खैरनारांनीसुद्धा बरोबर धरला, आणि काकांचं पाऊल त्यात मिसळेपर्यंत ते तसेच थांबले. मग काका पुढे आणि त्यांच्यामागे तंबूतले आठही जण निघाले.